पाय वर घेऊन बसणाऱ्या बाई

महिला दिनाच्या कार्यक्रमात आभार मानायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी प्रिन्सिपल मॅडमना विचारलं, व्याख्यानाचा विषय काय आहे. त्या म्हणाल्या, पायांच्या फुगलेल्या शिरा आणि त्यावरचे नैसर्गिक उपाय. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि सकाळी सातपासून उभीच होते. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, पण त्या पालकांसाठी.

आमच्या शाळेत वर्गात खुर्ची नव्हती. इंदिरानगरातली खासगी शाळा, माझ्या दुसरीच्या वर्गात बासष्ट मुलं. फळा होता, टेबल होतं, कपाट होतं, कुठल्याशा पालकाने दिलेला पृथ्वीचा गोलसुद्धा होता. खुर्ची तेवढी नव्हती. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीच्या सुटीत सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलून गच्चीवरच्या खोलीत कोंबल्या होत्या. टीचर बसली की वर्ग बसतो, असं संस्थेचं म्हणणं. टेबलाला जरा टेकलं तरी राउंडवर आलेल्या मॅडम दारात थांबून नुसत्या बघायच्या. अख्ख्या मजल्यावर बसायची एकच वस्तू होती, कुसाबाईचं स्टूल. कुसाबाई आमची शिपाई, घंटेखाली बसायची. मला म्हणायची, "टेका की दोन मिनिटं. मॅडम आल्या तर मी खोकते." मी टेकायचे नाही. मी जूनमध्ये लागलेली, प्रोबेशनवर. एप्रिलमध्ये कायम झाल्याची ऑर्डर निघाली तरच माझ्या इराला स्टाफच्या कोट्यातून पहिलीत जागा आणि अर्धी फी. माझ्या नवऱ्याला, देवव्रतला, तेव्हा अंबडच्या कारखान्यात आठवड्याचे चारच दिवस काम मिळत होतं. ती जागा गेली असती तर इराला कुठे घालायचं, याचं उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हतं.

इराच्या वेळी माझ्या डाव्या पोटरीवर एक निळी शीर उमटली होती. नोकरीच्या सहा महिन्यांत तिची दोरी झाली, दोरीला गाठी आल्या. संध्याकाळी घोटा एवढा सुजायचा की चपलेचा पट्टा कातडीत रुतायचा. इरा बोट लावून बघायची आणि म्हणायची, "आई, तुझ्या पायात गांडूळ आहे." शेजारणींनी एरंडेल सांगितलं, कोबीची पानं बांधायला सांगितली, मी दोन्ही केलं. शेवटी सर्जनकडे गेले. त्यांनी समजावलं की शिरांमधल्या झडपा ढिल्या पडल्यात, रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचतं. रोज चाला, घट्ट पायमोजे घाला, दिवसातून तीन-चारदा पाय छातीच्या वर येतील असे ठेवा. एवढ्याने शिरा जाणार नाहीत, पण ठणका कमी होईल आणि पुढचं लांबेल. दुर्लक्ष केलं तर घोट्याशी जखम होते आणि ती भरत नाही. मग त्यांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, शिकवते.

"मग बसून शिकवा."

पाणी पीत जा म्हणावं इतक्या सहज ते म्हणाले.

न भरणारी जखम कशी असते ते मी रोज बघत होते. शिशुवर्गाच्या मंगलाबाईंना ती होती. आम्ही बाकी सगळ्या मिस, त्या एकट्या बाई, कारण शाळा दोन खोल्यांची होती तेव्हापासून त्या तिथे होत्या. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी जांभळट काळी पडलेली, वर पट्टी, आणि पट्टीला दुपारपर्यंत ओल यायची. निवृत्तीला चार वर्षं होती. मधल्या सुटीत त्या स्टाफरूमच्या फरशीवर आडव्या व्हायच्या आणि दोन्ही पाय कपाटाला लावून वर ठेवायच्या. साडी घोट्याशी घट्ट धरून, डोळे मिटून, पंधरा मिनिटं. कोणी काही बोललं तर म्हणायच्या, "मी इथे नाहीये. घंटा झाली की येते."

जानेवारीत मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मॅडमकडे गेले. एक खुर्ची मागितली. मला द्यायची नसेल तर निदान मंगलाबाईंना द्या, असंही म्हटलं. मॅडम चिडल्या नाहीत. त्या कधीच चिडत नसत. त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि म्हणाल्या, नियम माझ्या मनाचा नाही, पालकांचाच आग्रह आहे, हे वाचा.

वहीच्या रेघी पानावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. "आपल्या छोट्या शिशुवर्गातील शिक्षिका मुलांसमोर खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय वर घेतात. अर्धा-अर्धा तास उठत नाहीत. लहान मुलांवर याचे काय संस्कार होणार? कृपया दखल घ्यावी. एक जागरूक पालक."

'जागरूक'मधला 'ज' मी शाळेत असल्यापासून तसाच काढते, पोटात गाठ मारून. ते पत्र माझं होतं.

तेव्हा इरा साडेतीन वर्षांची होती आणि शाळेत जाताना रडायची. आमची इमारत शाळेच्या मागच्या बाजूला, आणि गच्चीवरून शिशुवर्गाची खिडकी दिसायची. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी रोज तासभर गच्चीवर असायचे. ती खाली पडली का, तिला कोणी ढकललं का, तिने डबा खाल्ला का, सगळं बघायचे. आणि बघता बघता ही बाई बघितली, पाय वर टाकून बसलेली. मला तेव्हा इतका संताप आला होता. माझी पोरगी रडते आणि ही महाराणी बसलीय. मुलं तिच्याभोवती जमिनीवर गोळा होऊन गोष्ट ऐकत होती, इरा पहिल्या रांगेत होती, रडत नव्हती, हेही मला गच्चीवरून दिसत होतं. पत्रात मी ते लिहिलं नाही. पत्र सूचनापेटीत टाकलं आणि घरी येऊन काहीतरी मोठं केल्यासारखी चहा करून प्याले.

मॅडमना अक्षर ओळखू आलं नाही. त्यांनी पान पुन्हा फाईलला लावलं आणि मला म्हणाल्या, "पालक सगळं बघत असतात, पल्लवी मिस."

त्या दिवसापासून मला कोणाकोणाचा राग येत होता ते सांगता येत नाही. मॅडमचा येत होता, की एका अर्ध्या पानावर त्यांनी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढल्या आणि पाय वर का घेता असं त्या बाईला एका शब्दाने विचारलं नाही. मंगलाबाईंचाही येत होता, की त्यांनी पट्टी उघडून मॅडमच्या टेबलावर पाय का ठेवला नाही. आणि माझा तर इतका, की फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा. घरी देवव्रतला सांगितलं. तो म्हणाला, कोणाला माहीत नाही ना, मग गप्प राहा, एप्रिल जाऊ दे. बरोबरच बोलत होता. त्याचाही राग आला.

आठ मार्चला दुपारी हॉलमध्ये दोनशे आया जमल्या. मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या, त्यांना पांढरी कापडं आणि मागे लाल फिती. आम्ही अकरा टीचर एकसारख्या साड्या नेसून भिंतीला रांगेने उभ्या, शिस्तीसाठी. व्याख्यात्या म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या वहिनी, निसर्गोपचाराचं शिकलेल्या. बाई वाईट नव्हत्या, हे मुद्दाम सांगते. जे सांगत होत्या ते बहुतेक खरं होतं. रोज चाला. पोट साफ ठेवा. परकराची नाडी करकचून बांधू नका, तिच्यामुळेही रक्त अडतं. आंघोळीनंतर पायावर गार पाणी, खालून वर. मातीच्या थंड पट्टीने आग शमते, पण कातडी फुटली असेल तर माती लावू नका. सर्जननी सांगितलेलंच निम्मं होतं त्यात.

मग त्या म्हणाल्या, सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एका जागी उभं राहणं. उभं राहावंच लागलं तर टाचा वर करा, खाली करा, पोटरी हाच पायाचा पंप. त्यांनी करून दाखवलं आणि आयांना म्हणाल्या, चला, करून बघू. आया हसत खुसपुसत उठल्या, दहा वेळा टाचा उचलल्या आणि बसल्या. आम्ही भिंतीशी होतोच. माझ्या शेजारी मंगलाबाई टाचा वर-खाली करत होत्या. आया बसल्या तरी त्या थांबल्या नाहीत. ओठ आत दाबून, समोर बघत, वर-खाली, वर-खाली. त्यांच्या पट्टीतून एक ओघळ टाचेवर उतरला होता.

"आणि सगळ्यात सोपा, फुकटचा उपाय," वहिनी म्हणाल्या, "बसलात की समोर दुसरी खुर्ची घ्या आणि खुशाल पाय वर ठेवा. कोण काय म्हणेल याची लाज धरू नका."

टाळ्या पडल्या. प्रिन्सिपल मॅडमनीही वाजवल्या.

मी लिहून आणलेला कागद हातात होता. अध्यक्ष, वहिनी, चहावाले, मांडववाले, क्रम लावलेला. माईकपाशी गेले तेव्हा पाय ठणकत होते. पहिल्या रांगेत इरा कुसाबाईच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. तिची पहिलीची जागा त्या कागदावर होती, हे मला पूर्ण कळत होतं.

"आभार मानायच्या आधी एक सांगायचंय," मी म्हणाले. "दीड वर्षापूर्वी या शाळेत एक तक्रार आली होती. शिशुवर्गाच्या बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात म्हणून. आत्ता सांगितला तोच उपाय बाई करत होत्या. त्या पत्रावरून सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढल्या. ते पत्र मी लिहिलं होतं. मी ते मागे घेते." मग आवाज चढलाच. "दोन तास तुम्ही बसून ऐकलंत. ज्यांना ऐकायची गरज होती त्या तिकडे भिंतीशी उभ्या आहेत. बघा एकदा."

दोनशे माना वळल्या. टाळी कोणी वाजवली नाही. मधल्या रांगेतली एक आई म्हणाली, टीचर बसल्या की स्वेटर विणतात, आमच्या वेळी बघितलंय. दुसरी तिला म्हणाली, तू दिवसभर उभी राहून दाखव मग बोल. तिथून आवाज वाढत गेला. मॅडमनी माझ्या हातातून माईक घेतला आणि चहा तयार आहे असं जाहीर केलं. जाताना मला हळूच म्हणाल्या की शाळेच्या फाईलमधलं काही मागे घेता येत नसतं, आणि एप्रिलचं आता समितीच बघेल. चेहऱ्यावर तेच हसू होतं.

आया चहाकडे गेल्या. हॉल रिकामा झाला. मंगलाबाई भिंतीपासून सुटून माझ्यासमोर आल्या. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला जवळ घेतील. गोष्टींत तसं होतं.

"तू," त्या म्हणाल्या. "मी चौदा आया धरल्या होत्या मनात. त्या गेटवर दिसल्या की मी बोलायची नाही त्यांच्याशी. एकीच्या पोराला मी वर्षभर मांडीवर घेतलं नाही. आणि ती तू. माझ्या शेजारी डबा खाणारी."

मी म्हटलं, बाई, मला माहीत नव्हतं.

"विचारायचं होतंस. गच्चीवरून ओरडून विचारलं असतंस तरी सांगितलं असतं." त्यांनी एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या, दुसरी ओढली आणि दुखरा पाय तिच्यावर ठेवला. पांढऱ्या कापडावर डाग पडला. "पत्र चांगलं लिहितेस म्हणे. मग आता खुर्च्यांचा अर्ज लिही. पहिली सही मी करते. पण उद्यापासून तुझ्या डब्यातला घास मला देऊ नकोस."

तिघी टीचर चहाला म्हणून निघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांची प्रोबेशनं होती, मला त्यांना बोल लावायचा अधिकार नाही. उरलेल्या सहा जणी एकेक खुर्ची घेऊन आमच्याभोवती बसल्या. मी आभाराचा कागद उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले. बसल्याबरोबर पोटरीतली कळ थोडी खाली सरकली, आणि त्यानेच मला जास्त संताप आला. एवढंच तर हवं होतं.

मांडववाला यादव खुर्च्या रचायला आला. म्हणाला, पिंपळगावला लग्नाचा मांडव आहे, लवकर पोचायचंय, उठता का मॅडम. मंगलाबाई वळल्यासुद्धा नाहीत. आमच्या बुडाखालच्या सोडून बाकीच्या भर, म्हणाल्या. त्याने पायाकडे बघितलं आणि पलीकडून भरायला लागला.

अर्ज अर्धा झाला असेल, तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम दारात आल्या आणि थांबून नुसत्या बघायला लागल्या. सवयीने माझे गुडघे सरळ व्हायला निघाले. माझ्या खांद्यावर मंगलाबाईंचा हात पडला. प्रेमाचा नव्हता तो, चांगला जड होता, खाली दाबणारा.

"लिही," त्या म्हणाल्या.