दारात कोण होतं

कौसल्याताईंनी उभ्या आयुष्यात पायात चपला ठेवून देवाचं नाव गायलं नव्हतं. त्यामुळं कॉलेजच्या संगीत विभागात पहिल्या दिवशी शिरताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळी टेकवला आणि मगच आत पाऊल टाकलं. तिथं उंबरा नव्हताच, नुसती फरशीची काळी पट्टी होती. पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही.

यंदा बारामतीच्या या विभागात दोन नवी माणसं आली होती. तबल्याला पुण्याचे माधव सर आणि कीर्तनाला कळसच्या कौसल्याताई. कीर्तन हा विषयच नवा. विभागप्रमुख प्रमोदिनी मॅडमनी भांडून आणलेला. इंदापूरच्या एका सप्ताहात मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसून त्यांनी ताईंना ऐकलं होतं, आणि हातावर प्रसाद घेता घेताच विचारलं होतं, "हे आमच्या मुलांना शिकवाल?"

ताई हो म्हणाल्या त्या मनात एक गोष्ट धरून. हे कीर्तन त्यांना वडिलांनी दिलं, वडिलांना त्यांच्या चुलत्यांनी. ताईंची लेक मात्र कॉम्प्युटर शिकून हैदराबादला गेली. फोनवर "आई, म्हण ना काहीतरी" म्हणायची, स्वतः मात्र गुणगुणायचीसुद्धा नाही. आपल्यामागं हे कुणाच्या गळ्यात जाणार, ही काळजी ताई देवासमोरही मोठ्यानं बोलत नसत. कॉलेजचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना वाटलं, न बोलता ऐकलं की त्यानं!

तर पहिला तास. सतरंजीवर दहा-बारा मुलंमुली, समोर ताई उभ्या. आधी सगळी बुजलेली. नाम घ्या म्हटलं तर तोंडातल्या तोंडात. मग ताईंनी टाळ हातात घेतले, दोनदा वाजवले आणि वडिलांनी दिलेला दृष्टांत सुरू केला. एक आंधळी म्हातारी. रोज दळायची, रोज भाकरी करायची, आणि एक भाकरी देवाच्या वाट्याची म्हणून झाकून ठेवायची. देव काही यायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकरी म्हातारीच खायची आणि ताजी झाकून ठेवायची. एक दिवस पीठ उरलं एकाच भाकरीचं. स्वतः खाऊ की त्याला ठेवू? म्हातारीनं भाकरी झाकली, पाणी प्यायली आणि पडून राहिली. बाहेर वारा. आणि एवढ्यात...

ताईंनी हात वर उचलला, हवेतच थांबवला. 

"...दार वाजलं. म्हातारीनं विचारलं, कोण हाय?"

आणि घंटा झाली.

मुलं उठली. बॅगा खांद्याला लावल्या. कुणीतरी "थँक यू, मॅडम" म्हणालं. बघता बघता सतरंजी रिकामी. ताईंचा हात अजून वरच होता.

आरतीआधी कुणी उठत नाही. ताईंच्या एवढ्या वर्षांच्या कीर्तनात कुणी उठलं नव्हतं. एकदा वाऱ्यानं मांडवाचा खांब कलला होता, तर चौघे गडी खांब धरून उभे राहिले आणि बाकीच्यांनी बसल्या जागी आरती म्हटली होती. आज पक्क्या छपराखालून, गोष्ट ऐन दारात आलेली असताना, सगळे श्रोते उठून गेले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली त्यांचे मालक दत्तोबा मोटारसायकलला टेकून उभे होते. ताईंच्या कीर्तनात मागं टाळ धरून उभं राहायचं कामही त्यांचंच.

"झालं का, प्राध्यापक बाई?"

"झालं. पुन्हा यायचं न्हाय हितं."

दत्तोबांनी किक मारायला उचललेला पाय खाली घेतला. "का वं? कुनी काय बोललं?"

"बोलत्याल कशाला? घंटा झाली, उठून गेली." ताई मागं बसल्या. "आपल्यात काय ऱ्हायलं न्हाय आता. चला."

एमआयडीसीची शिफ्ट सुटली होती. त्या गाड्यांच्या गर्दीतून दोघं घरी आली. पुढं प्रमोदिनी मॅडमचे फोन आले, ते ताईंनी वाजू दिले.

रविवारी सकाळी अंगणात एक टमटम येऊन थांबली. आतून ती दहा-बारा पोरं उतरली, दाटीवाटीनं चुरगळलेली. सगळ्यांत पुढं राजनंदिनी, भवानीनगरच्या कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी. तिच्या हातात नारळ.

"ताई," ती म्हणाली. मॅडम नाही, ताई. "तारीख घ्यायला आलोय."

ताई दारातच थबकल्या. त्यांच्या भागात कीर्तन ठरतं ते नारळानं. नारळ घेतला की तारीख दिली, आणि दिलेली तारीख मोडायची नाही. कॉलेजनं सगळं रीतसर कळवलं होतं, पण नारळ काही कुणी आणला नव्हता.

दत्तोबा ओसरीवरून म्हणाले, "आणि आता घंटा झाली की पुन्हा पळणार व्हय?"

"काका, पळालो न्हाय वो!" राजनंदिनी काकुळतीला आली. "पुढचा तास माधव सरांचा असतो. बेल झाली की उठायचं, हे पहिलीपासून पायात भिनलंय. आमचं डोकं तुमच्याच गोष्टीत होतं, पाय तेवढे गेले. माधव सर म्हणाले, आज तुमचं कुणाचंच लक्ष कसं नाही? मग आम्ही त्यांना अर्धी गोष्ट सांगितली, तर तेही म्हणाले, दारात कोण होतं?"

ताईंना हसू आलं, ते त्यांनी पदरात लपवलं. "बसा. च्या टाकते."

त्या आत गेल्या. बाहेर दत्तोबांनी मुद्दाम विचारलं, "कंची गोष्ट म्हनायची ही?" खरं तर ती त्यांनी शंभरदा ऐकलेली.

राजनंदिनी सांगायला लागली. आंधळी म्हातारी, झाकलेली भाकरी, शिळी आणि ताजी. चहा ढवळता ढवळता ताईंचा हात मंदावला. शब्द पोरीचे होते, पण ठेका वडिलांचा होता. "बाहेर वारा" म्हणून थांबायचं ते बरोबर तेवढंच. ताईंनी दाराआडून पाहिलं. पोरीनं हात वर उचलला होता आणि हवेतच थांबवला होता.

चहा उतू गेला. ताईंनी तो जाऊ दिला.

बाहेर येऊन त्यांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि देवापुढं ठेवला.

"ताई, आता तरी सांगा. कोण होतं दारात?"

"हितं न्हाय. जितं तुटलं तितंच जोडायचं."

मुलांकडून हे कळल्यावर प्रमोदिनी मॅडमनी वेळापत्रक बदललं. "ताई, चूक माझी. आता दिवसातला शेवटचा तास तुमचा. त्यानंतर कुणाचा तास नाही. शिपाई दिवे घालवायला येईल, तेवढाच."

"त्याला बी बसवून घेऊ," ताई म्हणाल्या.

ठरलेल्या तारखेला प्रमोदिनी मॅडम सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. माधव सर तबला बाजूला सारून पखवाज घेऊन बसले होते. दत्तोबांनाही ताईंनी टाळ देऊन आत आणलं होतं. गोष्ट पहिल्यापासून झाली. दार वाजलं. कोण हाय?

आणि ताई बाजूला सरकल्या.

"राजनंदिनी, हितं उभी ऱ्हा. दार तू उघड."

"मी? पण ताई, मला माहीतच न्हाय कोण हाय ते!"

"म्हातारीला तरी कुठं ठावं होतं?"

पोरगी उभी राहिली.  एकदा खाली पाहिलं, एकदा मागं ताईंकडं. मग म्हणाली, "म्हातारीनं कडी काढली. दारात शेजारीण होती. बांधावरून भांडण झालेली, कित्येक वर्षं बोलत नसलेली. म्हणाली, सून बाळंत झालीया, घरात घास न्हाय. म्हातारी चाचपडत आत गेली, भाकरी आणली, तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ये गं माय, किती उशीर केलास."

दत्तोबांनी चमकून ताईंकडं पाहिलं. वडिलांच्या दृष्टांतात दारात साक्षात पांडुरंग असायचा. म्हातारी त्याला न पाहताच म्हणायची, ये रे बाबा, किती उशीर केलास. हे वाक्य ताईंनी पोरीला कधी सांगितलं नव्हतं.

राजनंदिनी घाबरून मागं वळली. "चुकलं का, ताई?"

 ताई चार पावलं मागं गेल्या, दत्तोबांशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातातले टाळ काढून घेतले. आयुष्यभर पुढं उभं राहिलेल्या त्या बाईनं मागून नाम उचललं. विठ्ठल, विठ्ठल. माधव सरांची थाप पडली, मुलांचे गळे मोकळे झाले, आणि पुढं उभ्या पोरीला ते नाम पाठीशी भिंतीसारखं लागलं. तिनं डोळे मिटले आणि हात वर केले.

आरती झाली, मग सगळे उठले. शिपाईसुद्धा.

परतीच्या वाटेवर दत्तोबांनी मान वळवून विचारलं, "घंटा ऐकली का?"

"कवा झाली?"

"बाळंतिणीपाशी," दत्तोबा म्हणाले, आणि त्यांनी गाडीला वेग दिला.