दुसऱ्या शिंप्याची गरज

मास्तरांचं एक पालुपद होतं. माप देताना गिऱ्हाईक एखाद्या नव्या नियमाबद्दल कुरकुरलं, की ते तोंडातली टाचणी काढून म्हणत, "सरकारनं रस्ते झाडावेत, चोर पकडावेत. माझ्या सुईत दोरा ओवायला येऊ नये." गिऱ्हाईक हसे, आणि मास्तरांना आपण फार मोठं काही बोललो असं वाटे.

आता सरकारनेच त्यांना कागद पाठवला होता. समोरच्या रिकाम्या गाळ्यात शिलाईचं दुकान काढायला काजेवालीने परवाना मागितला होता. अकरा वर्षं ती मास्तरांकडेच काजं करायची. मास्तर कोटाचं अस्तर हाताने शिवायचं सोडून मशीन मारायला लागले, तेव्हा "मास्तर, हे मला जमायचं नाही," असं तोंडावर सांगून ती निघून गेली होती.

नियमाप्रमाणे रस्त्यावरच्या जुन्या शिंप्याचं मत लागे. प्रश्न एकच होता: या रस्त्यावर आणखी एका शिंप्याची गरज आहे का? मास्तरांनी 'नाही' लिहिलं की अर्ज निकालात. तिच्या बोटांत काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणूनच तर 'नाही' लिहायला त्यांनी पेन हातात घेतलं होतं.

"काय लिहिताय?" तुरपाई करता करता बायकोने विचारलं.

"गरज नाही म्हणून. एवढी गिऱ्हाइकं आहेतच कुठे?"

"तुम्हाला काय माहीत?"

"पस्तीस वर्षं दुकान चालवतोय मी."

"दारात आली ती तुम्हाला दिसली. दारावरून पुढे गेली ती कशी दिसणार?"

"तू नक्की कुणाच्या बाजूची?"

"याच दुकानावर माझंही पोट आहे. मलाही भीती वाटते. मग भीती वाटते असं लिहा की. गरज नाही कशाला लिहिता?"

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या सुईपाशी आज सरकार होऊन तेच बसले होते. त्यांनी लिहिलं, 'मला ठाऊक नाही. गिऱ्हाइकांना विचारा.' आणि कागद कचेरीत नेऊन दिला.

कारकुनाने तो परत सरकवला. "आहे की नाही, एवढंच लिहायचं."

मास्तरांनी 'आहे' लिहिलं.

समोरचं दुकान उघडलं. पहिल्याच आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाइकं मास्तरांची नजर चुकवून तिकडे गेली. मास्तरांना फार लागलं ते. दिवसभर ते कात्रीवर, खडूवर, बायकोवर खेकसत राहिले. मग टेबलावरच्या कोटाचं मशीन मारलेलं अस्तर त्यांनी टराटरा उसवलं, चष्मा चढवला आणि सुई घेऊन खिडकीच्या उजेडात बसले. दोरा दोनदा हुकला. बायकोने हात पुढे केला.

"राहू दे," मास्तर म्हणाले, "माझा मी ओवतो."