झिजोबाचं स्टूल

“तुमच्या घरी आहे ना, अगदी तस्संच स्टूल पाहिजे,” बेकरीवाली दारातूनच म्हणाली. “सासऱ्यांच्या उशाला झिजोबा आलाय. तुमच्याकडे म्हणे एकेचाळीस दिवस बसून आहे! काय हात म्हणायचा का काय!”

“बघू,” सुतार म्हणाला. रंधा काही त्याने थांबवला नाही.

झिजोबा दुखण्याचा देव. आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसतो. तो बसलाय तोवर माणूस आहे. उठताना मात्र एकटाच जातो, की माणसालाही बोट धरून नेतो, ते त्याचं तोच जाणे. म्हणून त्याला आधी चांगलं बसायला द्यायचं आणि म्हणायचं,

बैस रे झिजोबा, बैस घडीभर उशाला,
एकला आलास, जा एकला गावाला.

घरोघरची ती स्टुलं सुताराच्याच हातची. कुठे देव दोन दिवस टिकला, कुठे आठ. पण बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याने स्टुलात जीव ओतला. चारही पाय केसाचाही फरक न ठेवता तासले, बैठक दुहेरी विणली. झिजोबा बसला तो बसलाच. दिसत नसे, पण बैठक मधोमध खोल दबलेली असे.

आणि बायको झिजत चालली होती. पाठीला जखमा, घशाखाली पाणी उतरेना. कूस बदलली तरी किंकाळी फुटायची.

दुपारी तो ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपत होता. ती म्हणाली, “अहो, माझं स्वयंपाकघरातलं स्टूल किती वर्षं डुगडुगतंय?”

“करतो गं. उद्याच करतो.”

“वीस वर्षं तुमचा उद्या ऐकतेय.” ती हसली, आणि त्या हसण्यानेही कळवळली. “पण खरं सांगू? त्याच्यावर कुणी दोन घटका टिकत नाही. तुमची आत्यासुद्धा टिकली नाही.”

त्याचा हात थांबला. “भलतंसलतं बोलू नकोस. जाईलही तो एकटा.”

“एकट्याला कशाला पाठवता? मी जाते की सोबतीला. पुरे झालं हो आता.”

फडकं तसंच तिच्या ओठांवर ठेवून तो उठला. मग करवत घेऊन आला आणि देवापुढे गुडघे टेकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, हात चळावा. चळला नाही. स्टुलाच्या एका पायाची बोटभर जाड चकती कापून निघाली.

स्टूल कलंडलं. सावरलं. पुन्हा कलंडलं. खट्, खट्. मग दबलेली बैठक हळूहळू वर आली, पाहुणा उठून गेल्यावर गादी फुगते तशी. फडक्याखाली बायकोचे ओठ निवांत झाले होते.

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन गेली. घर रिकामं झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. तिचं स्टूल उलटं केलं, आखूड पायाखाली ती चकती ठेवून पाहिली. मापाने कापल्यासारखी बसली. दोन खिळे ठोकले. स्टूल सरळ करून चारही कोपऱ्यांवर तळवा दाबला.

हललं नाही.

दोन मिनिटांचं काम होतं.