सोळाच्या पुढे

तिने कोमट तेल तळहातावर घेतलं, हात एकमेकांवर चोळले आणि दर मंगळवारी येणाऱ्या चष्मेवाल्याच्या आखडलेल्या, हात वर जाऊ न देणाऱ्या खांद्यावर ठेवले. तो उताणा पडला होता, छातीपासून पावलांपर्यंत चादर. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि खोली दुधात बुडाल्यासारखी पांढरी, संथ झाली होती.

मावशीच्या या मालिश केंद्रात नियम एकच, पण कडक. एका जागी सोळा वेळा हात फिरवायचा, मनात मोजत, आणि पुढे सरकायचं. नवख्या मुली हसायच्या. ती मात्र अकरा वर्षं इमानेइतबारे मोजत आली होती. झोपेतही मोजतेस, म्हणून बहीण चिडवायची.

खांद्यापासून मानेपर्यंत, मानेपासून खांद्यापर्यंत. त्याचा श्वास लांबला, तिचाही त्याच्या मागोमाग गेला. पंख्याची घरघर कुठेतरी दूर राहिली. सात, आठ... मग आकडे विरघळले आणि हात फिरत राहिले, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखे.

चष्मेवाला एकदम ताठ झाला. चांगल्या हाताने त्याने चादर पोटाशी गोळा करून धरली. कानापर्यंत लाल झाला होता बिचारा.

"माफ करा," तो छताकडे बघत म्हणाला. "मी तसला माणूस नाही हो."

असल्या वेळी काय करायचं हे तिला पाठ होतं. तिने हात उचलले, जाड टॉवेल चादरीवर पसरला आणि दोन पावलं मागे सरली.

"शरीर आहे, होतं असं. तुम्ही वावगं काही बोलला नाहीत, केलं नाहीत. पालथे व्हा, पाठीकडे बघू."

तो हायसं वाटून वळला. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली आणि सहज घड्याळाकडे पाहिलं. तब्बल दहा मिनिटं तिचे हात एकाच जागी होते. हा माणूस तिला आवडत होता. त्याचं बिचकत बोलणं, चष्मा काढल्यावर खुर्ची चाचपणं, सगळंच. ते तिला काही आजच कळलं नव्हतं. पण आज हातांनी तिला विचारलं नव्हतं.

काम संपवून ती बाहेर मावशीकडे गेली.

"पुढच्या वेळेपासून या चष्मेवाल्यांना काकांकडे दे." काका म्हणजे केंद्रातले दुसरे मालिशवाले.

मावशीच्या कपाळावर आठी पडली. "काही केलं का त्याने? सांग, आत्ता हाकलते."

नुसती नाही म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही. माझी मोजणी चुकली."

"बरं" एवढंच म्हणून मावशीने वहीतलं नाव बदललं.

चष्मेवाला शर्टाची बटणं लावत बाहेर आला. "पुढच्या मंगळवारी तुम्हीच ना?"

"काका असतील. त्यांचा हात फार चांगला आहे."

त्याचा चेहरा पडला. "मघाच्या त्या प्रकारामुळे..."

"नाही. चूक माझ्याकडून झाली."

त्याला उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा कान परत लाल झाले, पण या वेळी त्याने नजर चुकवली नाही. त्याने त्या आखडलेल्या खांद्याचा हात वर नेला, हळूहळू, थेट डोक्याच्याही वर.

"आला की वर," ती म्हणाली, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली.