अडवून ठेवलेली जागा

अमरदीपला यंत्राच्या पोटातलं सगळं कळायचं आणि घरातलं नेमकं कळायचं नाही. असली हुशारी काय चाटायची?

त्याच्या आईच्या, विमलाबाईंच्या, घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार होते, म्हणजे आवाज कायमचा जाणार. जामबागच्या एका शाळेत तीस वर्षं आयाचं काम केलं बाईंनी, पण लिहिणं सहीपुरतंच. स्वतः रचलेल्या ओव्या, पाळणे, सगळं तोंडात. अंबरपेठच्या त्यांच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पाळण्यांवर झोपली होती. आता सून रेणुकाला सातवा महिना लागला होता. "माझ्या नातवंडाला माझा आवाज ऐकू येऊ दे. बाकी काय नक्को मला," एवढंच त्यांचं मागणं.

"अहो, फोनवर करून घ्या की," रेणुका म्हणाली.

"फोनवर? डबड्यात बोलल्यासारखं येतं." अमरदीपने कंपनीतून आणलेला मोठा संगणक रविवारी दुपारी मांडला, भारी माइक लावला. डिस्कची घरघर गाण्यात यायला नको, म्हणून आवाज आधी नुसता मेमरीतच साठवायचा आणि शेवटी एकदम डिस्कवर उतरवायचा, असं ठरवलं. शहाणाच की नाही!

"तू दिवसभर कामावर करतो तरी काय रे?" वायरी बघत माय म्हणाली.

"मेमरीत जागा अडवतो, माय. यंत्र बारक्या बारक्या तुकड्यांत जागा वाटतं. नंतर कुणाला सलग मोठा तुकडा हवा असला तर मिळत नाही, जागोजागी कुणीतरी बसलेलं असतं. म्हणून यंत्र सुरू होतानाच मोठे तुकडे राखून ठेवायचे."

"हौ, पाव्हण्यांसाठी पंगत धरायची. अन् पाव्हणे आलेच नाहीत तर?"

"तर जागा रिकामी. दुसऱ्याला नाही बसता येत."

"घरचं माणूस उपाशी राहिलं तरी?"

"तरी," म्हणून तो हसला. हसू आलं त्याला!

एक वाजता माय गायला बसली. खोकत, पाणी पीत, पण थांबली नाही. अमरदीपने स्क्रीन बंद केली आणि बाजूला बसला. यंत्र ऐकतंय म्हटल्यावर तो नीट ऐकतच नव्हता. शेवटी तिने येणाऱ्या बाळासाठी रचलेला नवा पाळणा धरला. चारला खाली कॅबवाल्याने हॉर्न वाजवला, पिशव्या, रिपोर्ट, धावपळ. आल्यावर उतरवून घेऊ, म्हणत तो आईला घेऊन दवाखान्यात गेला.

मंगळवारी तो आंघोळीला घरी आला. स्क्रीन लावली, तर रेकॉर्डिंगचा प्रोग्राम गायब. यंत्राच्या नोंदीत एक ओळ होती: रविवार, तीन वाजून बारा मिनिटं, मेमरी संपली, सर्वांत जास्त जागा खाणारा प्रोग्राम मारला.

सोळा जीबी मेमरी. त्यातली बारा आदल्या आठवड्यात कामाच्या चाचणीसाठी त्यानेच राखून ठेवलेली, आणि विसरलेला. ज्याच्यासाठी राखली तो प्रोग्राम सुरूसुद्धा नव्हता. बाराच्या बारा रिकामी पडली होती, आणि उरलेल्या चारात मायचा आवाज मावला नाही. डिस्कवर काहीच उतरवलेलं नव्हतं, म्हणून प्रोग्रामसोबत एकपासूनचं सगळं गाणं गेलं. कर्नेलचा, म्हणजे जागा वाटणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रामचा, काय दोष? सांगितलं तसं त्याने केलं.

तीन बारा ते चार. म्हणजे पाऊण तास माय कुणापुढे गात होती? अमरदीप फरशीवर बसून ढसाढसा रडला.

दवाखान्यात त्याने लपवलं नाही. "माय, काहीच राहिलं नाही. माझ्याच चुकीनं." विमलाबाईंचे डोळे भरले. मग खाटेशी बसलेल्या रेणुकाच्या पोटावर हात ठेवून त्यांनी लेकाला बोटाने खूण केली. तू म्हण.

"नीज माझ्या चिमण्या, मुसीचं पाणी निजलं..." नव्या पाळण्याचं एवढंच म्हणून तो अडला. पुढचं येईना. लहानपणापासून तो गाण्यात अडला की माय पुढची ओळ द्यायची, म्हणून तो सवयीने तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

तिनेही सवयीने तोंड उघडलं. गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा आली, पण ओठ ओळभर हलले.

"परत सांग, माय," तो म्हणाला. तिने परत सांगितलं.