कुळाच्या जंगलावर चाललेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी, गंजलेली कुऱ्हाड आहे. खासी डोंगरातल्या लोहाराने मला घडवलं आणि स्खेममामांनी आपल्या कुळाच्या जंगलातल्या लाकडाचा दांडा मला बसवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते माझ्याबाबतीत शब्दशः खरं झालं.

आमच्याकडे कूळ आईचं, मेल्यावर हाडंही आईच्याच कुळाच्या दगडाखाली ठेवतात. घर आणि जंगल मामांच्या धाकट्या बहिणीचं, ऐतिलिनचं. कारभार तेवढा मामांचा. लोक माझ्या धारेची वाहवा करत आणि मी हुरळून जाई. त्याच धारेने मामांनी ओढ्याकाठची एकवीस झाडं चोरून तोडली. बायकोच्या गावी मुलांसाठी घर बांधायचं होतं. आळ मात्र ओढ्यापलीकडच्या गावावर घातला. मारामारीत पलीकडच्या फ्रांगची चार बोटं तुटली, तीही माझ्याच पात्याने. त्या पात्याचा एक टवका झाडं तोडण्याआधीपासूनच उडालेला होता.

पुरुषांची पंचायत तीनदा बसली, पण भांडण मिटेना. ऐतिलिन बोलायला उठली, तर मामा हसले.

"कोंबडी आरवली की जग बुडतं. घरी जा, ऐती."

ती घरी गेली, मला टोपलीत घातलं आणि ओढा ओलांडून फ्रांगच्या आईकडे गेली. दोघींनी एकेका बुंध्यावरून हात फिरवला. टवक्याच्या जागी प्रत्येक घावात सारखीच रेघ उठली होती.

"माझ्याच भावाची कुऱ्हाड आहे," ऐतिलिन म्हणाली.

फ्रांगच्या आईने तिच्यापुढे सुपारी ठेवली. "खा. मग सांग, त्याचं काय करायचं?"

"मारू नका. शिक्षा एवढीच, मेल्यावर त्याची हाडं आईच्या दगडाखाली येणार नाहीत."

दोन्ही गावच्या बायकांनी ओढ्याकाठचं जंगल सामाईक ठरवलं आणि मामांना तीच शिक्षा दिली. पंचायतीने खाली मान घालून होकार दिला. भांडण मिटलं.

म्हातारपणी मामा ऐतिलिनच्या दारात येऊन बसले. "ऐती, मला आईजवळ ठेव गं."

"जिथे घर बांधलंस तिथे जा, दादा."

ते गेले. तिथेच वारले. बायको म्हणाली, परक्या कुळाची हाडं आमच्यात ठेवता येत नाहीत. मुलंही गप्प राहिली, बापाने बांधलेल्या घरात बसून. हाडांचं मडकं परत आलं, आता ते ऐतिलिनच्या गोठ्यामागे, माझ्याशेजारी पडलंय. दरवर्षी ती येते, ते कुणी आईच्या दगडाखाली नेलं नाही ना, एवढं बघते आणि जाते.

मित्रांनो, झाडं जपा. आणि आमच्या गावी आलात तर ऐतिलिनला विचारा, ते मडकं कुठेतरी पुरू देशील का? मीच विचारलं असतं. पण झाडं तोडणारीचं ती कशाला ऐकेल?