तापलो की गप्प

मित्रांनो, मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. नाव जड आहे, पण माणूस साधा आहे. माणूस म्हणजे बीड, ओतीव लोखंडच, पण इतकी वर्षे माणसांसोबत काढली की जीभ अशी घसरते. पिकअप गाडीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या कुशीला चिकटलेला, गंजून तांबूस झालेला एक नळा दिसेल, तोच मी. इंजिनाच्या चार खोल्यांतला धूर चार तोंडांनी गिळायचा आणि एका गळ्यातून खाली सायलेन्सरकडे धाडायचा, हे माझे काम. चार तोंडे असूनही मला बोलता येत नव्हते. पुढे बोलता येऊ लागले, आणि तिथूनच सगळे बिनसले.

माझा जन्म एका फाउंड्रीत झाला. वाळूच्या साच्यात वितळलेले बीड ओतले, थंड झाल्यावर साचा फोडला आणि मला माझ्या भावंडांच्या रांगेत मांडले. एक कामगार लहान हातोडीने प्रत्येकाला ठोकून कान देत फिरत होता. आत भेग असली तर आवाज बद्द येतो म्हणे. मी खणखणीत वाजलो. "हा चांगला आहे," असे म्हणून तो पुढे गेला. माझा आवाज कुणी एवढे कान देऊन ऐकेल, असे नंतर फारसे झाले नाही.

आमची पिकअप एका लॉण्ड्रीवाल्या जोडप्याने घेतली. गाडी घरी आली त्या दिवशी गल्लीतले सगळे पाहायला आले. कुणी रंगाचे कौतुक केले, कुणी दिव्यांचे, एका काकांनी तर हॉर्नचे केले. मॅनिफोल्डचे कौतुक करणारा अजून जन्माला यायचा आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. आतड्यांचे तरी कौतुक कोण करतो?

मालक आणि मालकीणबाई इस्पितळांचे कपडे धुवायचे. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे आणि डॉक्टर-नर्सचे पांढरे कोट. चादरींचे गठ्ठे मागे हौद्यात जायचे. कोटांना मात्र तिथे जागा नव्हती. इस्त्री मोडेल म्हणून मालकीणबाई ते कोट मांडीवर आडवे घेऊन पुढे केबिनमध्ये बसायच्या आणि रस्त्याची धूळ बसू नये म्हणून काचा घट्ट वर करून घ्यायच्या. उन्हाळा असो की हिवाळा, त्यांच्या बाजूची काच बोटभरही खाली यायची नाही. मालक म्हणायचे, "अगं, माणसांना हवा लागते." त्या म्हणायच्या, "माणसं धुऊन निघतात. कोट पुन्हा धुवायला तुम्ही येणार आहात का?"

डागांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. रक्त, औषध, शाई, गंज, काहीही असो, चिमटीत कापड धरून नुसते पाहायच्या आणि काय लावायचे ते सांगायच्या. डाग दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. एकदा शेजारणीच्या पदरावरचा डाग त्यांनी बोलता बोलता तिथल्या तिथे काढून टाकला होता. आणि मालक? त्यांनी जन्मभर धुलाईच्या मोठ्या मशीनजवळ उभे राहून कान घालवले होते. बारीक आवाज त्यांना ऐकू यायचे नाहीत. मालकीणबाई जुन्या वळणाच्या, नवऱ्याला हाक मारायची तर "ऐकलंत का!" अशीच मारायच्या. लॉण्ड्रीतल्या पोरी हसून म्हणायच्या, "वहिनी, कशाला विचारता? उत्तर माहीत आहे ना?"

मित्रांनो, आमचे दिवस असे चांगले चालले होते. मी रोज लालभडक तापायचो, रोज थंड व्हायचो. तापलो की फुगायचो, निवलो की आक्रसायचो. या ताणाताणीत एका थंडगार सकाळी माझ्या चौथ्या तोंडाजवळचा, अगदी मागचा, केबिनला लागून असलेला बोल्ट कटकन तुटला. डोके खाली पडले, अर्धा तुकडा इंजिनातच अडकून राहिला. माझ्यात आणि इंजिनात केसाएवढी फट पडली आणि त्या फटीतून धूर थुंकत मी पहिल्यांदा बोललो. टिक, टिक, टिक, टिक.

"ऐकलंत का," मालकीणबाई म्हणाल्या, "गाडी टिकटिक करतेय."

"कुठं काय? मला नाही येत आवाज."

"अहो, पुढून येतोय. नीट ऐका."

मालकांनी मान वाकडी करून ऐकल्यासारखे केले. तोवर गाडी चौकापर्यंत पोहोचली होती आणि मी तापलो होतो. तापलो की फुगतो हे मी तुम्हाला सांगितलेच आहे. फुगलो की फट दबते आणि माझा आवाज बंद होतो. आवाज बंद होतो, पण फट पुरती मिटत नाही. बारीक धूर निघतच राहतो. एवढी एक गोष्ट मला जगाला सांगायची होती आणि नेमकी तीच सांगता येत नव्हती.

"बघ, काही नाही," मालक म्हणाले.

त्यानंतर मालकीणबाईंचे डोके दुखू लागले. गाडीतून उतरल्यावर त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या, मग कोट घेऊन आत जायच्या. केबिनमध्ये हवा येण्याची जाळी माझ्या चौथ्या तोंडाच्या पाठीमागेच आहे. मी थुंकलेला धूर तिथून आत जात होता आणि त्यांच्या बाजूची काच बंद असल्याने तिथेच राहत होता. मालकांकडे स्टिअरिंग, त्यांच्या बाजूची काच ते हळूच खाली करायचे. त्यांना त्रास कमी व्हायचा. धुराची जाळी त्यांच्या बाजूला नव्हतीच. मालकीणबाईंनी सांगितले की गाडीत धूर येतो. मालक म्हणाले, चष्म्याचा नंबर तपासून घे. त्यांनी तपासून घेतला. नंबर बदलला नव्हता.

मग एके दिवशी इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरनी एक कोट नाकाशी धरला. "वहिनी, कोटांना धुराचा वास येतोय. चुलीवर वाळवता की काय?"

त्या दिवशी मालकांना गाडीत धूर येतो हे पटले. बायको महिनाभर सांगत होती ते पटले नव्हते, सिस्टर एकदा म्हणाल्या आणि पटले. मला राग आला होता. पण मालकीणबाईंना आला नाही. त्या म्हणाल्या, "चला, पटलं ना एकदाचं. गाडी वॉरंटीत आहे, फुकट करून देतील."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचे ठरले. आदल्या संध्याकाळी मालकांनी बॉनेट उघडून पाणी-तेल पाहिले आणि तसेच उघडे ठेवून ते आत गेले. मालकीणबाई सहज डोकावल्या. माझ्या चौथ्या तोंडापासून इंजिनावर काळ्या काजळीचा पंजाएवढा फराटा उमटला होता. फट पडल्यापासून मी तो रोज थोडा थोडा उमटवत होतो. तीच माझी साक्ष होती. मी गप्प असताना माझ्या वतीने तोच बोलणार होता.

मालकीणबाईंना तो डाग दिसला.

"शी, एवढी काळी गाडी घेऊन चार लोकांत जायचं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. फडके आणले, कसले तरी द्रावण आणले आणि कानाकोपऱ्यात बोट घालून इंजिन लख्ख पुसले. त्या पुसत होत्या आणि मी थंड पडून होतो. गाडी बंद असली की मला टिकटिकही करता येत नाही. त्यांनी काम इतके निगुतीने केले की फाउंड्रीतून निघाल्यापासून मी एवढा स्वच्छ कधी दिसलो नव्हतो.

सर्व्हिस सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथे पोहोचेपर्यंत मी चांगलाच तापलो होतो. काउंटरवर गळ्यात टाय बांधलेला एक तरुण होता. मालक नंतर घरी त्याला 'टायवाला' म्हणत. त्याने फोरमनना बोलावले. फोरमन वयस्क, चांगले माणूस. त्यांनी इंजिनाला कान लावला, रेस दिली, पुन्हा कान लावला.

"आवाज नाहीये."

"सकाळी असतो," मालकीणबाई म्हणाल्या. "गाडी थंड असली की."

"तसं असेल तर काजळी दिसली पाहिजे, वहिनी. मॅनिफोल्ड लीक असला की इथं काळं होतं." त्यांनी माझ्या शेजारी बोट फिरवले आणि मालकीणबाईंना दाखवले. बोट स्वच्छ होते.

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "काळं होतं. मी पुसलं काल."

टायवाला हसला. वाईट हसला असे नाही, सवयीने हसला. "मॅडम, पुसलेला डाग आम्ही कंपनीला कसा दाखवणार?"

दोघे गाडी घेऊन परत आले. एरवी डाग काढल्याबद्दल लोक मालकीणबाईंना शाबासकी देत.

मग फोरमननीच सुचवले की गाडी रात्रभर सेंटरमध्ये ठेवा, सकाळी थंड असताना मी स्वतः सुरू करतो. गाडी ठेवली म्हणजे त्या दिवशी कपडे पोहोचवायचे वांधे. मालकांनी कुणाची तरी रिक्षा मागून घेतली, दोन फेऱ्या जास्त मारल्या. मी मात्र खूश होतो. रात्रभर अंगणात उभा राहून गारठलो आणि सकाळी काय बोलायचे याची मनात तयारी केली. पहाटे वॉचमन आला. अंगण धुवायचे होते, गाड्या आडव्या येत होत्या. त्याने चावी लावली. टिक, टिक, टिक, मी जीव तोडून ओरडलो. वॉचमन गाणे गुणगुणत होता. त्याने गाडी शेडमध्ये नेली, जागा पुरेना म्हणून बाहेर काढली, पुन्हा आत घेतली आणि इंजिन चालूच ठेवून तो पाण्याचा पाइप शोधायला गेला. फोरमन कामावर आले तेव्हा मी फुलून, तापून, तोंडे मिटून बसलो होतो.

"आवाज नाहीये," ते पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांनाही वाईट वाटले.

त्या दिवशी मालकही तापले. पण माणसांचे आमच्यासारखे नसते. आम्ही तापलो की गप्प होतो, ते तापले की ओरडतात. काउंटरवर हात आपटून ते नको नको ते बोलले. टायवाल्याने शांतपणे सांगितले, "साहेब, दोष सापडल्याशिवाय वॉरंटीत काही खोलता येत नाही. आवाज काढू नका." टिकटिक ऐकवायला गेलेल्या माणसाला त्याने आवाज काढू नका म्हटले. बाकावर बसलेली माणसे मालकांकडे पाहू लागली. मालकीणबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणले. अशा दोन-तीन फेऱ्या पुढेही झाल्या. दर वेळी मालक ओरडून यायचे आणि घरी येऊन न जेवता झोपायचे. एकदा तर छातीत कळ येते म्हणाले. मालकीणबाई रात्रभर उशाशी बसल्या होत्या, असे लॉण्ड्रीतल्या पोरींच्या बोलण्यातून मला कळले.

वॉरंटी संपली. त्यानंतर लगेचच बॅटरी उतरली म्हणून गाडी सेंटरमध्ये टोचन करून न्यावी लागली. गाडी ओढत नेल्यामुळे मी बर्फासारखा थंड होतो. फोरमननी नवी बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. टिक, टिक, टिक, टिक.

"अहो, हा तर लीक आहे!" फोरमन ओरडले. "केवढा मोठा! टिचकी मारल्यासारखा वाजतोय!"

मालकांच्या डोळ्यांत पाणीच आले. "मी म्हणत होतो ना, साहेब. ही म्हणत होती."

टायवाल्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिले. मुदत संपली होती. बोल्ट आत तुटलेला, त्यासाठी इंजिनाचे डोके उतरवावे लागणार. त्याने खर्चाचा आकडा सांगितला. मालकांनी तो पुन्हा विचारला नाही. फोरमननी कपाळाला हात लावला आणि ते दुसऱ्या गाडीकडे गेले. दुसरे काय करणार होते ते?

मित्रांनो, यापुढची गोष्ट छोटी आहे. मालकीणबाईंनी डोके दुखते म्हणणे बंद केले. दुखते म्हटले की मालक तापणार, सेंटरला जाणार, चारचौघांत अपमान करून घेणार आणि छाती धरून बसणार, हे त्यांनी ओळखले होते. कोटांना वास लागू नये म्हणून त्यांनी त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण घातले. स्वतःवर घालायला त्यांच्याकडे काही नव्हते. वाटेत त्या कपाळ थंड काचेला टेकवून डोळे मिटून बसतात. मालकांना वाटते, झोप लागली.

परवा मोठ्या सिस्टरनी विचारले, "वहिनी, डोकेदुखी कशी आहे आता?"

"बरंय," त्या म्हणाल्या.

"बघा, आपोआप थांबलं," मालक आनंदाने म्हणाले. "गाडीचंही तसंच आहे, सिस्टर. जरा तापली की आवाज जातो. एवढं काही नव्हतंच ते."

मी तिथेच उभा होतो, चार पावलांवर. इंजिन चालू होते आणि मी तापलेला होतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारख्यांनी काही तरी मागायचे असते. माझ्यासाठी मागण्यासारखे काही उरलेले नाही. तो बोल्ट आता निघायचा नाही. पण तुमच्या घरात कुणी रोज एकच तक्रार करत असेल, तुम्हाला तिचा कंटाळा आला असेल आणि एक दिवस ती अचानक थांबली, तर बरे झाले म्हणून मोकळे होऊ नका. जवळ जाऊन बसा. दोनदा विचारा. पहिल्यांदा 'बरंय' असेच उत्तर येईल.

मालकांना हे कुणीतरी सांगा. माझे त्यांना ऐकू जाणार नाही आणि मालकीणबाई सांगणार नाहीत. उद्या सकाळचे कोट इस्त्री होऊन तयार आहेत.